औषधसुरक्षेचं काम शिकायचंय? आधी पेशंटची पिशवी उघडा

फार्माकोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे औषधांचे दुष्परिणाम शोधून कळवण्याच्या कामात, यायचं म्हणणारी फार्म.डी.ची (औषधशास्त्राच्या पदवीची) मुलं हमखास विचारतात, "सर, कुठला ऑनलाइन कोर्स करू?" माझं म्हणणं, आधी काही महिने वॉर्डात फिरा.

कोर्समध्ये नारांजो स्केल शिकवतात. 1981 सालचे दहा प्रश्न, बेरीज 9 किंवा त्याहून जास्त आली तर रिअ‍ॅक्शन औषधानेच झाली असं धरायचं. तासाभरात येतं ते. पण त्या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडून काढायची, तो गडचिरोली किंवा छिंदवाड्याहून नागपूरला आलेला असतो. "पांढरी गोळी होती जी, झोपतानी घ्यायची," याच्या पुढे गाडी जात नाही. तेव्हा सोबतच्या बाईंना म्हणायचं, "काकू, औषधाची पिशवी इथं पलंगावर ओता बरं." निघतात त्या बहुतेक कापलेल्या पट्ट्या. दुकानदाराने चार गोळ्या कापून दिलेल्या, आणि बॅच नंबर, एक्स्पायरी छापलेलं टोक त्याच्याच बरणीत. मग बिल शोधा, बिल नसेल तर दुकानाला फोन लावा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी नोकरी हीच.

बॅच नंबरचं महत्त्व नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाकडची लहान मुलं लघवी बंद झालेल्या अवस्थेत इथल्या हॉस्पिटलांत येत होती. आधी साधा ताप-खोकला, मग एकदम किडनी निकामी. तामिळनाडूत तपासलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं, मर्यादा 0.1 टक्क्याची. शरीरात त्याचं डायग्लायकॉलिक आम्ल होतं आणि ते किडनीच्या नलिका मारतं. हे विष नवं नाही. 1937 साली अमेरिकेत, 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याने बळी घेतले आहेत. म्हणून कारण न कळणाऱ्या किडनी फेल्युअरमध्ये रिकामी बाटलीसुद्धा फेकू द्यायची नाही.

दुसरी सवय लावून घ्या ती मागे जाऊन विचारण्याची. "काल काय घेतलं?" एवढ्यावर ड्रेस सिंड्रोम, म्हणजे औषधाची उशिरा उठणारी गंभीर अ‍ॅलर्जी, सापडत नाही. अंगावर पुरळ, ताप, लिव्हर बिघडलेलं, आणि औषध सुरू झालेलं दोन ते आठ आठवड्यांपूर्वी. मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल 2023 च्या अखेरीस इशारा निघाला तो याच सिंड्रोमचा. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतली जाणारी ही गोळी, बायका तिला औषधात मोजतच नाहीत! नाव घेऊनच विचारावं लागतं.

आणि विदर्भात फवारणीचा प्रश्न विसरलात तर हिस्ट्री अर्धी राहिली. 2017 मध्ये यवतमाळच्या कपाशीत फवारणी करणाऱ्यांना कीटकनाशकाची विषबाधा झाली, ते आठवा. डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडाला लाळ, घामाने भिजलेला सदरा दिसला की औषधाच्या पिशवीआधी शेतातल्या कीटकनाशकाच्या डब्यावरचं नाव विचारा.

दुष्परिणाम कळवण्याचा फॉर्म भरणं त्या मानाने सोपं. पेशंटची आद्याक्षरं, वय, काय झालं, कधी झालं, संशयित औषध, कळवणारा कोण, एवढ्यावर रिपोर्ट जातो. खात्री नको, संशय पुरे. दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सेंटरवरून तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आणि तिथून स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक साठ्यात पोचतो. जवळ सेंटर नसेल तर 1800-180-3024 वर फोन करा. डॉक्टर कचरतात, "उद्या हे माझ्यावर शेकेल का?" रिपोर्ट देणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे, असं फॉर्मवरच छापलेलं आहे. ती ओळ बोट ठेवून दाखवायची.

पुढे पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत केस प्रोसेसिंगला, म्हणजे आलेले रिपोर्ट तपासून नोंदवायला, जाल, मेडड्राचे (दुष्परिणामांच्या ठरलेल्या शब्दसूचीचे) कोड लावाल. पगार बरा, काम खुर्चीतलं. ज्याने पेशंट पाहिलाय त्याची नॅरेटिव्ह (केसची लिहिलेली हकिगत) वाचली की लगेच कळते, एवढं मात्र खरं.

वॉर्डात सुरुवात करताना प्राध्यापकांच्या मागे लागू नका, सिस्टरांशी ओळख करा. पुरळ आधी त्यांना दिसतं. कोरे फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवा आणि ड्युटी बदलायच्या जरा आधी चक्कर मारा, ऐन हॅन्डओव्हरच्या वेळी गेलात तर कोणी उभं करत नाही.