बोल्ट-अॅक्शन रायफलीचा धक्का: तो कसा घ्यावा आणि कसा विसरावा

परवाना हातात पडल्यावर काकांची जुनी .३१५ बोअरची रायफल घेऊन मी पहिल्यांदा रेंजवर गेलो, तेव्हा दस्ता, म्हणजे रायफलीचा मागचा लाकडी भाग, खांद्याला लागेल या भीतीने तो खांद्यापासून बोटभर लांब धरला होता. शेजारी उभे असलेले काका मालवणीत एवढेच म्हणाले, "घट धर, नायतर लाथ बसतली." मी ऐकले नाही. तिसऱ्या बाराला उजव्या हाताचा अंगठा नाकावर आदळला आणि खांद्यावर उमटलेला हिरवा-निळा डाग आठवडाभर शर्टाखाली लपवावा लागला. बंदुकीला जितके घाबरावे तितकी ती जास्त मारते, ही गोष्ट त्या दिवशी समजली खरी. परंतु तिची कारणे समजायला पुढे पुष्कळ काडतुसे खर्ची पडली.

कारण पाहिले तर साधे आहे. गोळी आणि तिच्या मागून सुटणारा दारूचा वायू जितक्या संवेगाने (वस्तुमान गुणिले वेग) पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. ऑस्ट्रियाच्या ८×५० मॅनलिकर काडतुसावरून आलेल्या .३१५ च्या काडतुसातील गोळी २४४ ग्रेन, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम वजनाची असते आणि ती सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने नळी सोडते. दारू अडीच ग्रॅमच्या आसपास आणि रायफल साडेतीन किलोची धरून हिशेब केला, तर मोकळी सोडलेली रायफल सेकंदाला साधारण साडेतीन मीटर वेगाने मागे येईल आणि तिच्यात सुमारे २३ ज्यूल ऊर्जा असेल. हीच गोळी साडेचार किलोच्या रायफलीतून सोडली, तर तो आकडा १८ च्या जवळ उतरतो. याउलट .२२ च्या रायफलीत तो ज्यूलच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा असतो. स्वयंचलित रायफलीत वायू आणि स्प्रिंग यांच्या हालचालीत हा धक्का थोडा लांबवला जातो. बोल्ट-अॅक्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढून भरायच्या रायफलीत, नळी मागून बंद करणारा हा बोल्ट घट्ट अडकलेला असल्यामुळे सगळा भार एकदम दस्त्यात आणि दस्त्यातून खांद्यात येतो.

आपल्या कोकणात धक्का म्हटला की आधी बंदरावरचा धक्का डोळ्यांसमोर येतो, आणि हे समजावण्यासाठी त्याच्याइतके चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. होडी दोराने धक्क्याला आवळून बांधलेली असेल, तर लाट आली की ती धक्क्याला नुसती रेटते. दोर सैल असेल, तर तीच होडी त्याच लाटेवर मध्ये अंतर घेऊन आपटते आणि फळी फुटते. लाट दोन्ही वेळा तीच असते. खांदा आणि दस्ता यांच्यात बोटभर फट ठेवणारा माणूस स्वतःच्या हाताने दोर सैल सोडत असतो. घट्ट धरलेल्या दस्त्यामुळे खांदा आणि धड रायफलीबरोबरच मागे सरकू लागते, म्हणजे त्या साडेतीन किलोंना माणसाच्या वजनाची जोड मिळते.

गोळी भरण्यापूर्वी रायफल तपासणे हा या विषयाचाच भाग आहे, कारण कधी कधी जास्त धक्क्याचे मूळ खांद्यात नसून नळीत असते. बोल्ट काढून नळीतून उजेड आरपार दिसतो का, हे प्रत्येक वेळी पाहावे. आमच्याकडे पावसाळ्यानंतर भिंतीला टेकवून ठेवलेल्या कोणत्याही पोकळ वस्तूत कुंभारमाशी मातीचे घर करते, आणि बंदुकीची नळी तिला विशेष पसंत पडते. असा अडथळा असताना बार काढला तर नळी फाटू शकते. खाऱ्या हवेच्या धास्तीने लोक रायफलीला आतून-बाहेरून तेल चोपडून ठेवतात, ते साठवणीपुरते योग्य आहे. परंतु काडतूस जिथे बसते तो चेंबर तेलकट राहिला, तर काडतुसाचे पितळ चेंबरच्या भिंतीला नीट धरत नाही आणि बोल्टवर नेहमीपेक्षा अधिक दाब येतो. म्हणून रेंजवर गेल्यावर नळी आणि चेंबर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत. दस्ता आणि नळी जोडणारे स्क्रूही हाताखालून घालावेत, कारण दमट हवेत लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि स्क्रू सैल पडतात.

त्यानंतर दस्त्याचे माप. कोपराच्या खोबणीत बट, म्हणजे दस्त्याचे मागचे टोक, टेकवून बोट चापापर्यंत पोहोचते का हे पाहण्याची जुनी रीत ढोबळ आहे. त्यापेक्षा रिकामी रायफल, ज्या कपड्यांत नेम धरायचा त्याच कपड्यांत, डोळे मिटून खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. मान ताणावी न लागता माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, दिसत असेल आणि अंगठा व नाक यांच्यात दोन बोटांचे अंतर राहत असेल, तर लांबी जमली असे समजावे. दस्ता आखूड असेल तर माझ्यासारखे नाक फुटते, आणि लांब असेल तर बट खांद्याच्या बाहेर, दंडावर जाऊन बसते. जुन्या रायफलींच्या दस्त्याचा गालाकडचा भाग बराच उतरता असतो. त्यावर दुर्बीण बसवली की डोळा वर घ्यावा लागतो, गाल लाकडावरून सुटतो आणि धक्क्याबरोबर उसळलेला दस्ता गालफडावर चपराक मारतो. त्या जागी कातड्याचा किंवा घट्ट गुंडाळलेल्या जाड कापडाचा उंचवटा केला तरी पुष्कळ फरक पडतो.

जुन्या दस्त्याच्या टोकाला लोखंडी किंवा पितळी पट्टी असते, तिच्यावर रबरी पॅड चढवणे हा पैशांच्या मानाने सर्वांत मोठा फायदा देणारा उपाय आहे. बंदरात धक्क्याला जुने टायर टांगलेले असतात, तेच काम हे पॅड करते: धक्का तेवढाच राहतो, पण तो जरा अधिक वेळात आणि अधिक जागेवर पसरतो. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. पॅडमुळे दस्ता अर्धा ते एक इंच लांब होतो, म्हणून वरचे माप पुन्हा घ्यावे. आणि खाऱ्या, उष्ण हवेत रबर काही वर्षांत कडक होते. अंगठ्याचे नख दाबून खूण उमटत नसेल, तर ते पॅड नसून नुसती काळी पट्टी आहे, असे समजून बदलावे.

धरण्याची पद्धत हा सर्वांत महत्त्वाचा भाग असूनही नवशिक्याचे लक्ष त्याकडे शेवटी जाते. उजवे कोपर जरा वर उचलले की खांद्याच्या सांध्याच्या आतल्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली, मांसल खोबण तयार होते. बट नेमकी तिथे बसली पाहिजे. हाडावर बसली तर ठणका लागतो आणि दंडावर बसली तर घसरते. उन्हाळ्यात घामाने ओल्या झालेल्या पातळ शर्टावरून बट खाली सरकते, म्हणून मी रेंजवर जाताना जाड सुती शर्ट घालतो, मग कितीही उकडो. डाव्या हाताने रायफल खांद्याकडे ओढून धरावी, उजव्या हाताची तीन बोटेही तिला मागे ओढत राहावीत, आणि चापावरचे बोट मात्र या ओढाओढीपासून पूर्ण मोकळे असावे. ही ओढ इतकीच असावी की हात थरथरणार नाहीत. घट्ट म्हणजे आवळून नव्हे. उभे राहून नेम धरताना डावा पाय पुढे आणि अंगाचा भार किंचित पुढे झुकलेला ठेवावा, म्हणजे धक्का आला की अंग मागे जाऊन परत जागेवर येते. टाचांवर रेलून उभा राहणारा माणूस एका बारात तोल घालवतो.

सर्वांत जास्त लागते ते टेबलावर बसून बार काढताना, कारण तिथे अंगाला मागे जायला वाव नसतो. अशा वेळी वाळूच्या पिशव्या उंच रचून ताठ बसावे, रायफलीवर ओणवे होऊ नये. माशी किंवा दुर्बीण जुळवताना अनेक काडतुसे लागणार असतील, तर बट आणि खांदा यांच्यामध्ये दोन-तीन किलो वाळूची छोटी पिशवी ठेवता येते. परंतु मोठे गोणपाट भरून रायफल मागून पक्की अडवण्याचा मोह टाळावा, कारण रायफलीला हलायला जागाच उरली नाही तर मुठीजवळचे लाकूड तडकते. पोटावर झोपून नेम धरताना शरीर शक्य तितके रायफलीच्या सरळ रेषेत ठेवले, तर नळी सरळ वर उठून त्याच जागी परत येते. तिरके झोपल्यास ती बाजूला उडी मारते. दुर्बीण असेल तर डोळा तिच्यापासून तीन-साडेतीन इंच लांब ठेवावा, कारण भुवईवर उमटणारा अर्धचंद्र नंतर सर्वांना दिसतो.

आता कानांविषयी. धक्का म्हणून आपण ज्याची तक्रार करतो, त्यातला बराच भाग प्रत्यक्षात आवाज असतो. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि १४० च्या पुढे एकेका बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. पत्र्याच्या किंवा कौलारू शेडखाली तोच आवाज परतून अंगावर येतो. कानात बोंडे आणि वरून इअरमफ, असे दोन्ही घालून बार काढला की पुष्कळ जण विचारतात, "आज काडतूस हलके आहे का?"

रायफलीचे वजन वाढवणे हा प्रामाणिक उपाय आहे. नळी कापून ती सुटसुटीत करणे हा त्याच्या नेमका उलट मार्ग आहे, कारण हलकी आणि आखूड रायफल जास्त मारते व जास्त गरजते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ६ परवान्याशिवाय नळी आखूड करण्यास मनाई करते. नळीच्या तोंडावर बसणारा ब्रेक धक्का कमी करतो, पण वायू बाजूंना फेकल्यामुळे शेजारच्या नेमबाजाचे कान बधिर करतो, म्हणून मला तो आवडत नाही. दस्त्यात किंवा नळीत कोणताही बदल परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावा.

एवढे सगळे जमल्यावरही उरते ते दचकणे, आणि ते खांद्यात नसून डोक्यात असते. चाप दाबण्याच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे झेपावतो आणि नळी खाली जाते. धक्का मात्र या सर्वानंतर येतो, म्हणून नेमबाजाला आपली चूक कधीच दिसत नाही. ती दाखवण्याची रीत सोपी आहे. सोबत्याला रायफल भरायला सांगावे आणि त्याने आपल्याला न सांगता मध्येच एखादे डमी, म्हणजे न उडणारे नकली, काडतूस घालावे. खटका नुसता वाजला आणि तरीही नळी खाली डुबकली, तर दचकण्याचा पुरावा समोर आला. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा पाचपैकी चार वेळा माझी माशी टार्गेटच्या खाली जाऊन जमिनीकडे पाहत होती.

त्यावर औषध म्हणजे .२२ ची रायफल. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच काडतुसावर, तेव्हा हलके काडतूस वापरण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. ज्यांच्या नावाने आजही नेमबाजीची स्पर्धा भरते ते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर मूळचे संगमेश्वराकडच्या मावळंग्याचे, याचा उल्लेख कोकणी माणसाने केल्याशिवाय राहवत नाही. .२२ वर चाप हळूहळू, सलग दाबत जाण्याची सवय लागते. बार नेमका कधी सुटेल हे स्वतःलाही कळू नये, इतका सलग. बार सुटल्यावर लगेच मान वर करून टार्गेट पाहू नये, माशी पुन्हा जागेवर स्थिरावेपर्यंत गाल दस्त्यावर राहू द्यावा आणि त्यानंतरच बोल्ट ओढावा.

मोठ्या रायफलीवर मात्र एका दिवसात दहा-पंधरा काडतुसांपलीकडे जाऊ नये. परवान्यावर काडतुसांची वार्षिक मर्यादा लिहिलेली असते, तिच्यावर आपण चिडतो; पण खांदा दुखू लागल्यावर काढलेला प्रत्येक बार दचकण्याचाच सराव ठरतो. माझा नियम असा आहे की शेवटची तीन काडतुसे .२२ ची, म्हणजे घरी जाताना खांद्याला आठवण राहते ती हलक्या बाराची.