ब्रिक मॉडेलमध्ये सेन्सर असूनही क्वेरी रिकामी येते? माझा अनुभव
कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका इमारतीचा एसीचा डेटा ब्रिक स्कीमात (इमारतीतली उपकरणं, सेन्सर यांचे वर्ग आणि नाती ठरवून देणारा आराखडा) बसवत होतो. 'टेम्परेचर सेन्सर' मागितले की स्पार्कल (SPARQL, असा डेटा शोधायची भाषा) क्वेरीला शून्य ओळी, एररही नाही. प्रीफिक्स (लांब पत्त्याऐवजी वापरायचं छोटं नाव) तपासला, फाइल पुन्हा चढवली. दोन रात्री पाण्यात.

माझे सेन्सर 'सप्लाय एअर टेम्परेचर सेन्सर' या उपवर्गात होते. हा टेम्परेचर सेन्सरचाच प्रकार, पण ते ब्रिकच्या मूळ फाइलीत लिहिलेलं. माझ्या ग्राफला, म्हणजे लोड केलेल्या डेटाच्या जाळ्याला, कुठून कळणार?

आधी 'ब्रिक डॉट टीटीएल' (Brick.ttl) ही मूळ फाइल इमारतीच्या फाइलीसोबत एकाच ग्राफमध्ये लोड केली. मग क्वेरीत नुसत्या 'ए'च्या ('a', म्हणजे 'या वर्गातला') जागी 'आरडीएफ:टाइप', तिरकी रेघ, 'आरडीएफएस:सबक्लासऑफ' आणि त्याला चिकटून तारांकन (*), म्हणजे लागतील तितक्या पायऱ्या वर: rdf:type/rdfs:subClassOf*. दोन्ही प्रीफिक्स वर जाहीर केले. सगळे सेन्सर आले. तारांकन विसरलात तर क्वेरी एकच पायरी वर चढते आणि परत शून्य.