पाइनच्या पेटीला औषध मारायचंय? आधी तापवा

एक्स्पोर्टच्या पेट्या बनवणारे नवीन लोक हमखास विचारतात, की पाइनच्या फळ्यांना कुठलं औषध मारलं म्हणजे नेमाटोड, म्हणजे लाकडातली सूत्रकृमी, मरते. वरून ब्रशने मारून तरी मरत नाही भाऊ. ही सूत्रकृमी जेमतेम मिलिमीटरभर, डोळ्याला दिसतही नाही आणि बसते लाकडाच्या पार आत, औषध राहतं वरच्यावर. हिनेच जपानमधली पाइनची झाडं वाळवली, १९९९ला पोर्तुगालात सापडली, म्हणून तर परदेशी बंदरांवर पेटीचा शिक्का, म्हणजे लाकडावर नियमाप्रमाणे प्रक्रिया झाल्याची खूण, आधी बघतात.

पहिलं काम साल काढणं. हिला एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारा लांब मिशांचा भुंगेरा सालीतच अंडी घालतो. तीन सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदीची साल राहिली तर एक्स्पोर्टच्या लाकडी पेट्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमाला चालते, पण मी पूर्ण तासूनच घेतो.

मग चेंबर, म्हणजे लाकूड तापवायची बंद खोली. लाकडाच्या गाभ्यात ५६ डिग्री, सलग ३० मिनिटं. गाभ्यात म्हणजे गाभ्यातच, चेंबरच्या हवेत नाही! सगळ्यात जाड ठोकळा निवडायचा, मधोमध ड्रिल मारून प्रोब (तापमान मोजायची सळई) घालायचा आणि भोक नीट बुजवायचं, नाहीतर गरम हवा आत शिरून प्रोब खोटंच बोलतो. सुरुवातीला मी एकदा बारीक फळीत प्रोब घातला होता, आकडा झटकन चढला, मी खूश, पेटीखालचे जाड आधाराचे ठोकळे (रनर) मात्र आत गारच. अख्खा लॉट परत तापवला, डिझेलचा खर्च डबल.

आता औषध. तापवून निघालेलं लाकूड वाळलेलं असतंच असं नाही, ओलं राहिलं की पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी, निळे डाग. आणि मेलेल्या लाकडात ही कृमी जगते ती बुरशी खाऊनच, त्यामुळे बुरशी रोखली की तिचं जेवण बंद. बोरिक ॲसिड एक भाग, बोरॅक्स दीड भाग, पाणी गरम घ्या, गारात नीट विरघळत नाही. हातमोजे घालून फळ्या ओल्या असतानाच बुडवा, थप्पी लावून प्लास्टिकखाली काही आठवडे झाका म्हणजे क्षार आत झिरपतो. पावसात ठेवू नका, धुऊन जातो. खाण्याच्या मालाच्या पेटीला तर हे नकोच.

एवढं करूनही या औषधाच्या जोरावर शिक्का मिळत नाही हां, नोंदणी असलेल्या युनिटमध्ये तापवलं की मिळतो, एचटी (हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवलेलं) लिहिलेला. जुनी पेटी दुरुस्त करताना एक तृतीयांशपेक्षा जास्त फळ्या बदलल्या तर जुना शिक्का खोडायचा आणि अख्खी पेटी पुन्हा चेंबरात घालायची.