बिनकेसांचं कुत्रं सोलापुरात पाळताय? या चुका टाळा

चायनीज क्रेस्टेड म्हणजे डोक्यावर झुलपं, शेपटीला झुबका, पायांत मोजे घातल्यासारखे केस आणि बाकी अंग उघडं. वजन जेमतेम चार-पाच किलो. असं पिल्लू घरी आलं की शेजारी विचारतात, "काय झालंय वो ह्याला? केस गळालेत?" आणि लगेच सल्ला देतात, "खोबरेल लावा की." निम्मी दुखणी या सल्ल्यापासूनच सुरू होतात.

केस नसले तरी केसांची छिद्रं असतातच, आणि या जातीत ती पटकन बुजतात. खोबरेल, पेट्रोलियम जेली, आपलं बॉडी लोशन असं काहीही थापलं की त्यावर धूळ बसते, पाठीवर काळे ठिपके येतात आणि त्यांच्या पुळ्या होतात. वयात येताना असे ठिपके तेल न लावताही दिसतात. ते नखांनी दाबून काढू नका. जंतू आत जातात आणि पू धरतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून घ्या. लाली किंवा सूज दिसली तर डॉक्टरांकडून औषधी शाम्पू घ्या. त्वचा खरोखरच कोरडी असेल तर कुत्र्यांसाठीचं, वास नसलेलं मॉइश्चरायझर चालतं, तेही हातावर चोळून अगदी पातळ.

रोज आंघोळ ही दुसरी अती काळजी. आठवड्यातून एकदा पुरते, आणि तीही आपल्या साबणाने नको. बोअरचं पाणी जड असेल तर फेस नीट निघत नाही. काखेत आणि बोटांच्या बेचक्यात राहिलेला शाम्पू दोन दिवसांनी खाज होऊन उगवतो. शेवटचा तांब्या नळाच्या साठवलेल्या पाण्याचा घाला. टॉवेलांच्या गावात टॉवेलाची वाण नाही, पण घासू नका, टिपा.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की केसाळ कुत्रीही हैराण होतात; याच्या अंगावर तर आडोसाच नाही. गुलाबी ठिपके असलेली त्वचा काळ्या त्वचेपेक्षा लवकर भाजते. पण म्हणून घरातलं सनस्क्रीन किंवा बाळाच्या लंगोटाच्या पुरळावरचं क्रीम लावू नका. त्यांत अनेकदा झिंक ऑक्साइड असतं. कुत्रं अंग चाटणारच, आणि झिंक पोटात गेलं तर उलट्या होतात, जास्त गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पातळ, फिक्या रंगाचा सुती सदरा हा त्याहून साधा उपाय. फिरायला सकाळी सातच्या आत न्या. संध्याकाळी निघण्याआधी डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवा. सात सेकंद टिकत नसेल तर थांबा.

जीभ बाहेर टाकून धापा, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चाल डळमळीत, अशी लक्षणं दिसली तर तो उष्माघात समजा. नळाच्या साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि भिजवत भिजवतच दवाखाना गाठा. बर्फात बुडवू नका.

थंडीत उलटी चूक होते. लोकरीचा स्वेटर काहींना टोचतो, खाजवून खाजवून अंग लाल होतं. सोलापुरी चादरीची घडी घालून अंथरूण करा, ती सुती असते. उन्हाळ्यातही कूलरचा झोत थेट ओल्या अंगावर नको.

अंगाला हात लावला की ते गरम लागतं, कारण मध्ये केस नाहीत. यावरून ताप ठरवू नका आणि पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका. कुत्र्यांना ते विषारी ठरू शकतं. थर्मामीटर गुदद्वारातून लावायचा. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे ठीक.

त्वचेच्या नादात दात विसरले जातात, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत महागात पडणारी चूक. या जातीला केस नसण्याचं कारण फॉक्स-आय-थ्री नावाच्या जनुकातल्या बदलात आहे, हे २००८ साली सापडलं. त्याच बदलामुळे दाढाही कमी असतात, आणि असलेले दात लवकर हलू शकतात. कडक भाकरी आणि हाडं नकोत. भाकरी द्यायचीच तर ताजी, मऊ, कुस्करून. पिल्लू असतानाच ब्रशची सवय लावा, पेस्ट कुत्र्यांची. शेंगा चटणीचं बोटही चाटवू नका, त्यात लसूण असतो. जिल्ह्यातल्या द्राक्षांचा आणि बेदाण्यांचा मोह तर त्याहून वाईट, थेट मूत्रपिंडावर बेततं.

गोचीड उघड्या अंगावर लगेच दिसते म्हणून लोक निर्धास्त राहतात. ती लपते कानात, झुलपात आणि पायांच्या 'मोज्यात'. तिथे बोटं घालून पाहा. थेंबाचं औषध वजनाप्रमाणेच वापरा, शेजारच्या लॅब्राडोरचं उरलेलं नको.

एकाच विणीत एखादं पिल्लू अंगभर केसांचं निघालं तर विकणाऱ्याने फसवलं असं समजू नका. त्याला पावडरपफ म्हणतात, तेही अस्सल क्रेस्टेडच. जोडी लावणाऱ्यांनी मात्र दोन बिनकेसांची कुत्री एकत्र आणू नयेत: दोघांकडूनही केस नसण्याचा तो जनुकातला बदल मिळालेली पिल्लं, सरासरी चारांत एक, पोटातच मरतात. एक बाजू पावडरपफची असली की हा धोका राहत नाही.