सिगारेटवाल्याला घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जाताना

माझी सगळी नोकरी छातीच्या ओपीडीत सिस्टर म्हणून झाली. पेशंट सांगतो, “थोडा कफ आहे,” आणि मागे उभी असलेली बायको गुपचूप दोन बोटं दाखवते. रोजची दोन पाकिटं!

तेव्हा घरूनच हिशेब करून निघा. वीस सिगारेटचं एक पाकीट धरायचं आणि रोजच्या पाकिटांना वर्षांनी गुणायचं. रोज दहा, म्हणजे अर्धं पाकीट, 30 वर्षं, म्हणजे 15 पॅक-इयर. विड्या असतील तर वेगळ्या सांगा, लाजू नका. आकडा 20 च्या पुढे आणि वय पन्नाशीपार असेल, तर कमी डोसच्या (कमी किरणांच्या) सीटी स्कॅनचं आपणहून विचारा. साध्या एक्स-रेत लहान गाठ निसटते.

आजाराचं नावही पेशंटपासून लपवू नका. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज जबरदस्त सिगारेट ओढायचे. पायांचा रक्तपुरवठा बिघडला म्हणून 1949 मध्ये ऑपरेशन झालं. सप्टेंबर 1951 मध्ये बकिंगहॅम राजवाड्यातच खोलीचं थिएटर करून डावं फुप्फुस काढलं. लोकांना सांगितलं, फुप्फुसात ‘रचनात्मक बदल’ झालेत. कॅन्सर हा शब्द खुद्द राजालाही कुणी सांगितला नाही. 6 फेब्रुवारी 1952 ला सँड्रिंगहॅमला ते झोपेतच गेले. वय 56. सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांचा लेख तर 1950 मध्येच छापून आला होता. आणि ऑपरेशन करणारे सर्जन प्राइस थॉमस? तेही ओढायचे, पुढे त्यांनाही तोच कॅन्सर झाला. शिकलेल्या माणसाला काय सांगायचं, असं म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवते.

आता सोडायचं. निकोटिनचं च्युइंगम बहुतेक जण बडीशेपेसारखं चघळतात, मग उचक्या लागतात आणि गम बदनाम होतं. सावकाश चावा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवा, चुरचुर गेली की पुन्हा चावा. अर्ध्या तासाने टाका. गम तोंडात टाकण्याआधी पंधरा मिनिटं चहा नको, गम तोंडात असताना तर नकोच. उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचं, नाहीतर 2 चं. हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच. पहिला आठवडा चिडचिड होणार, त्या दिवसांत घरातले हिशेब काढू नका.

तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी मोफत फोनसेवा, क्विटलाइन आहे, 1800-11-2356. फोन मात्र ओढणाऱ्यालाच लावू द्या. आणि थुंकीत रक्त दिसलं, तर सिगारेट सुटायची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.