एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलाचे वजन वाढत नाही तेव्हा : या चुका टाळा

एचआयव्हीसह जगणारे मूल हडकू लागले की घरातून पहिला सल्ला येतो तो त्याला चांगलेचुंगले खाऊ घालण्याचा. सल्ला मायेचा असला तरी तेवढ्याने भागत नाही. या आजारात शरीराची ऊर्जेची गरज वाढते, भूक मंदावते, आतड्यांतून अन्न नीट शोषले जात नाही आणि वरचेवर होणारे जुलाब, ताप व खोकला उरलेसुरलेही खर्च करून टाकतात. म्हणून वजन थांबले की ते का थांबले याचा शोध आणि ताटातील बदल ही दोन्ही कामे एकाच दिवशी सुरू व्हायला हवीत. कोकणातल्या वाड्यावस्त्यांमध्ये नेमके यांपैकी एक काम दुसऱ्याची वाट पाहत राहते, आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातून निघतात.

वजन घ्यायचे, पण वाचायचे नाही

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते आणि एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरची औषधे, म्हणजे एआरटी, जिथे मिळतात तिथे) प्रत्येक भेटीत होते, परंतु या दोन नोंदी क्वचितच एकमेकींना भेटतात. आजाराची वाच्यता होऊ नये म्हणून पालक केंद्राची पुस्तिका घराबाहेर काढत नाहीत, आणि ते समजण्यासारखे आहे. यावर साधा उपाय असा की एका वहीत केवळ तारीख, वजन आणि उंची लिहावी, आजाराचे नावही लिहू नये, आणि ती वही दोन्हीकडे न्यावी. वजन शक्यतो त्याच काट्यावर, चपला व जाड कपडे काढून घ्यावे. वाढीच्या वयातल्या मुलाचे वजन घटले तरच काळजी करायची असे नाही. सलग दोन-तीन महिने ते जागच्या जागी राहिले, तरी तो धोक्याचा इशारा समजावा.

दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी 6 महिने ते 5 वर्षे या वयासाठी आहे. तिच्यावर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी माप आले तर ते तीव्र कुपोषण, आणि 11.5 ते 12.5 च्या दरम्यान आले तर मध्यम कुपोषण. तीच पट्टी आठ वर्षांच्या मुलाला लावून ‘हिरव्यात आहे’, म्हणजे माप ठीक आहे, असे म्हणणे निरर्थक आहे, कारण मोठ्या मुलांचे निकष वेगळे असतात. आणखी एक फसगत सुजेची होते. दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून खड्डा पडत असेल तर काट्यावरचे वजन कितीही बरे दिसो, ते मूल तीव्र कुपोषितच धरले जाते.

आजार शोधण्याआधीच आहाराला दोष देणे

औषधे सुरू असूनही वजन वाढत नसेल तर पहिला संशय क्षयरोगाचा घ्यावा. खोकला, ताप, वजन न वाढणे आणि घरात क्षयरोगी असणे, या चारपैकी एक गोष्ट जरी आढळली तरी तपासणी व्हायलाच हवी. मुलांच्या क्षयरोगात बेडका सहसा मिळत नाही, खोकलाही अनेकदा ठळक नसतो, त्यामुळे ‘खोकला नाही, म्हणजे क्षय नाही’ हा निष्कर्ष घातक ठरतो.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. मुंबईच्या केंद्रात नाव असलेली कुटुंबे शिमग्याला किंवा गणपतीला गावी येतात आणि मुक्काम लांबतो. कधी वडिलांचे काम सुटते आणि सगळे बिऱ्हाडच गावी परतते. हातातला साठा संपला तरी नव्या केंद्रात जाण्याचा संकोच आठवडेच्या आठवडे घालवतो. खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा वजनाच्या रेषेवर उमटते. निघण्यापूर्वी केंद्राला सांगून पुरेसा साठा घ्यावा, आणि मुक्काम कायमचा होणार असेल तर नाव रीतसर जिल्ह्याच्या केंद्रात वर्ग करून घ्यावे. खंड पडलेला नसूनही वजन थांबले असेल तर व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) तपासण्याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारावे.

आजारी मुलाला पातळ पेज

आपल्याकडे आजारी माणसाची पथ्याची कल्पना पेजेभोवती फिरते. मोठ्या माणसाला दोन दिवस ती चालते. लहान मुलाचे पोट मात्र वाटीभर पेजेने भरते आणि त्या वाटीत बहुतांश पाणीच असते. एचआयव्ही असलेल्या, पण एरवी बऱ्या असलेल्या मुलाला ऊर्जा सुमारे 10 टक्के जास्त लागते. आजारपणात आणि त्यातून उठताना ही वाढ 20 ते 30 टक्के होते, तर तीव्र कुपोषणातून सावरताना 50 ते 100 टक्क्यांपर्यंत जाते. चार ते सहा वर्षांच्या मुलाची रोजची गरज साधारण 1,350 किलोकॅलरी धरली तर 10 टक्के म्हणजे जेमतेम तीन लहान चमचे तेल. हा आकडा मुद्दाम सांगितला, कारण ‘जास्तीचा आहार’ म्हटले की महागडी पावडरच डोळ्यांसमोर येते आणि गरीब घर तिथेच हात टेकते.

पेज सोडू नये, ती घट्ट करावी. निवळ बाजूला काढून मऊ आटवल, म्हणजे दाट मऊभात, द्यावी, तिच्यात चमचाभर तेल किंवा किसलेले ओले खोबरे मिसळावे. कुळथाची पिठी पातळ कढीसारखी न करता दाटसर करून भातावर घालावी. नाचणीला मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळली तर तिची खीर फार घट्ट होत नाही, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ मावते. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ताजी मासळी आटते आणि पुढे श्रावणात कित्येक घरांत ती शिजतच नाही. त्याची तजवीज मे महिन्यातच करावी. जवळा धुऊन वाळू व मीठ काढावे, कडक उन्हात पुन्हा वाळवून भाजावा आणि त्याची पूड डब्यात भरावी. रोज चमचाभर पूड मुलाच्या भातात गेली तर मुलाला प्रथिने मिळत राहतील. मासळी न खाणाऱ्या घरांनी अंडी, आणि तीही चालत नसतील तर मूग-चवळीची उसळ व दूध यांवर भर द्यावा. एकाच वेळी भरपूर वाढण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळल्याशिवाय देऊ नये. एका जुलाबात महिन्याची कमाई वाहून जाते.

‘नखरे करतो’ असे म्हणणे

जेवण पुढे आले की रडणाऱ्या मुलाचे तोंड आधी उजेडात उघडून पाहावे. जिभेवर आणि गालांच्या आत पांढरे चट्टे असतील तर ती बुरशी आहे, गिळताना दुखते आणि औषधाने बरी होते. तोवर तिखट व कोकमाचे आंबट टाळून कोमट, मऊ अन्न द्यावे.

गोळी आणि टॉनिक एकत्र देणे

अशक्तपणा दिसला की घरी लोहाचे किंवा कॅल्शियमचे औषध आणले जाते आणि लक्षात राहावे म्हणून रात्रीच्या गोळीबरोबरच पाजले जाते. ज्यांच्या उपचारात डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीवरचे औषध आहे त्यांच्यात हे क्षार रिकाम्या पोटी गोळीबरोबर गेले तर औषध कमी शोषले जाते. गोळी आधी देऊन दोन तासांनी टॉनिक द्यावे, अथवा टॉनिकनंतर सहा तासांनी गोळी द्यावी. आणलेले प्रत्येक टॉनिक, काढा व चूर्ण केंद्रात दाखवावे. देवाचा कौल घेणाऱ्याने तो जरूर घ्यावा, पण त्यासाठी गोळीची वेळ चुकवू नये.

तीव्र कुपोषित मुलाला घरीच भरवत बसणे

भूक नसलेल्या, सुजलेल्या, ताप किंवा जुलाब असलेल्या तीव्र कुपोषित मुलाला एकदम भरपेट खाऊ घातल्यास शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडून जिवावर बेतू शकते. त्याची जागा पोषण पुनर्वसन केंद्रात आहे. तेथे आरंभी कमी ऊर्जेचे दूध मोजून दिले जाते, लोहसुद्धा पहिल्या दिवसांत देत नाहीत. भरती करताना एआरटीच्या गोळ्या आणि पुस्तिका बरोबर न्यावी. काहीजण ती लाजेने घरी ठेवतात आणि उपचार अर्धवट माहितीवर सुरू होतो. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे. अंगणवाडीताईंना आजार सांगण्याची सक्ती नाही, कारण कुपोषित मुलांना गावातच जादा आहार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात नाव घालण्यासाठी मुलाचे माप पुरते.

तान्ह्या बाळाबाबत एवढेच, की आई नियमित औषध घेत असेल तर पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे. मध, गुटी, वरचे दूध अधूनमधून देण्याने संसर्गाचा धोका वाढतो.

उपचार लागू पडून मूल भराभर वाढू लागले की एक नवी चूक संभवते. मुलांच्या एआरटीची मात्रा वजनाच्या टप्प्यांनुसार ठरते, त्यामुळे गेल्या वर्षीची मात्रा यंदा अपुरी पडू शकते. औषध आणायला घरातला मोठा माणूस एकटाच जात असेल तर निदान ती वजनाची वही त्याच्याबरोबर द्यावी आणि शक्य होईल त्या पुढच्या खेपेला मुलाला घेऊन जावे.