सर्व स्थितीत उपकारस्तुती : या चुका टाळा

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१८) प्रेषित पौलाने सर्व स्थितीत उपकारस्तुती करण्यास, म्हणजे देवाचे आभार मानण्यास, सांगितले आहे आणि हे वचन आपल्या घरांतल्या कॅलेंडरवर, भिंतीवरच्या पाटीवर, सकाळच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात सतत डोळ्यांसमोर असते. गंमत अशी की ते मनापासून पाळू पाहणारी माणसेच कित्येकदा सर्वांत जास्त थकलेली दिसतात. नोकरी गेली, तपासणीचा अहवाल वाईट आला, ठरलेले लग्न मोडले, की त्यांना दुःख तर होतेच, शिवाय ‘आपल्याला उपकारस्तुती जमत नाही, म्हणजे आपला विश्वास कच्चा’ ही टोचणी त्यावर येऊन बसते. माझ्या मते यातल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. उपकारस्तुती म्हणजे आलेल्या परिस्थितीला चांगले म्हणणे, असे आपण धरून चालतो. वास्तविक ती परिस्थितीला उद्देशून नसून देवाला उद्देशून असते, आणि ज्याचे आभार मानायचे त्याच्याच पुढे रडण्याची आणि त्याच्याकडेच गाऱ्हाणे नेण्याची मुभा पवित्र शास्त्राने उघडपणे दिलेली आहे. हे लक्षात ठेवले, तर पुढील चुका ओळखणे आणि दुरुस्त करणे सोपे जाते.

दुःख झाकण्यासाठी स्तुती वापरणे

ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे, आणि ती आपण स्वतःपेक्षा इतरांच्या बाबतीत अधिक करतो.

मार्च महिन्यात निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात गारपीट झाली, की दुसऱ्या दिवशी द्राक्षबागेत काय दिसते हे नाशिककरांना सांगावे लागत नाही. मांडवाखाली मण्यांचा असा सडा पडलेला असतो की पाय टाकायला जागा राहत नाही. वेलीवर तग धरून राहिलेल्या घडांतले मणीही एका अंगाने चिरलेले असतात, चिरेतून रस ओघळत असतो, त्यावर माश्या घोंगावत असतात आणि पानांची चाळण झालेली असते. एकदोन दिवसांत सगळ्या बागेला आंबूस वास सुटतो. ऑक्टोबर छाटणीपासून फवारण्या, खते आणि मजुरी यांवर केलेला खर्च आणि त्यासाठी सोसायटीतून उचललेले कर्ज त्या चिखलात पडलेले असते. अशा बांधावर उभ्या असलेल्या माणसाला भेटायला मंडळीतले (चर्चमधले) चार जण येतात आणि त्यांचे पहिले वाक्य असते, ‘भाऊ, तरी प्रभूची स्तुती करा, यात त्याची काहीतरी योजना असेल.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की येथे रडायला परवानगी नाही.

याच प्रसंगी हमखास वाचले जाणारे हबक्कूकचे वचन (३:१७-१८) नीट पाहावे. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलींना फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, असा तोट्याचा सगळा हिशेब संदेष्टा आधी मांडतो, त्यातली एकही बाब गाळत नाही, आणि त्यानंतरच ‘तरीही’ म्हणून परमेश्वराच्या ठायी हर्ष करण्याची गोष्ट काढतो. शिवाय हे तेच पुस्तक आहे, ज्याच्या आरंभी हाच संदेष्टा ‘मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस?’ अशा आशयाची तक्रार घेऊन उभा आहे. पहिला अध्याय वगळून तिसऱ्याचा शेवट दुसऱ्याच्या तोंडी घालणे, हा त्या संदेष्ट्यावरही अन्याय आहे.

स्वतः येशूचे उदाहरण याहून बोलके आहे. योहानाच्या अकराव्या अध्यायात तो लाजराच्या कबरेजवळ रडतो (वचन ३५) आणि थोड्याच वेळात तिथेच उभा राहून पित्याचे आभार मानतो (वचन ४१). आभार मानायचे म्हणून त्याने आधीचे अश्रू आवरले नाहीत. तेराव्या स्तोत्राचीही ठेवण अशीच आहे. त्याच्या सहा वचनांपैकी पहिल्या दोनांत ‘किती वेळ’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि शेवटच्या दोनांत भरवसा व गायन आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला तर असा शेवटही लाभलेला नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत ठेवले गेले, यावरून प्रार्थनेत काय चालते याची मर्यादा आपल्या समजुतीपेक्षा किती विस्तृत आहे हे दिसते.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. विठ्ठलाशी भांडणारा, त्याच्यावर रुसणारा तुकोबांचा अभंग आपल्या कानांत पिढ्यानपिढ्या आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग आणि कीर्तन मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. (त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या आपल्या नाशिकजवळच्याच जलालपूरच्या.) मराठी मंडळीला त्यांच्याकडून गाण्याची चाल मिळाली, तशी देवाशी मोकळेपणाने बोलण्याची तऱ्हाही मिळाली, असे मला वाटते. चाल आपण जपली. दुसरी गोष्ट मात्र जरा विसरलो.

दुरुस्ती अशी करता येते. भेटायला जाणाऱ्याने पहिल्या भेटीत वचन सांगू नये. किती एकर गेले, पंचनामा झाला का, मजुरांचे देणे राहिले आहे का, हे विचारावे आणि ऐकावे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले (२:१३), तोवर ते चांगले मित्र होते; त्यांनी बोलायला तोंड उघडले आणि बिघडले. ज्याच्यावर प्रसंग आला आहे, त्याने प्रार्थनेत आधी जे झाले ते जसेच्या तसे सांगावे आणि त्यानंतर जेवढे खरोखर म्हणवते तेवढेच आभाराचे वाक्य म्हणावे. ते एकच असले तरी हरकत नाही.

अन्यायाबद्दलच आभार मानणे

पहिल्या चुकीतून ही दुसरी चूक जन्मते आणि ती अधिक धोक्याची आहे. नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा वधस्तंभ आहे, त्याबद्दल देवाचे आभार मान’ असे सांगणारे लोक आजही भेटतात. मालकाने पगार थकवला, भावाने जमीन लाटली, तरी ‘स्तुती करा आणि गप्प राहा’ हाच सल्ला दिला जातो, आणि त्यासाठी पौल व सीला यांनी फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गायिलेल्या गीतांचा दाखला पुढे केला जातो. मात्र प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला तो सोळावा अध्याय शेवटपर्यंत वाचणे आवश्यक आहे. सकाळी अधिकाऱ्यांनी ‘यांना सोडून द्या’ असा निरोप पाठवला, तेव्हा पौलाने जाण्यास नकार दिला. आम्ही रोमी नागरिक असताना चौकशी न करता आम्हांला सर्वांसमक्ष फटके मारले आणि आता गुपचूप घालवून देता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने बजावले, आणि त्यांना यावे लागले. रात्री स्तुती करणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच आहे, आणि या दोहोंत त्याला काही विसंगती वाटली नाही.

येथे कोणी इफिसकरांस पत्रातील ५:२० पुढे करील, कारण तिथे सर्व गोष्टींबद्दल येशू ख्रिस्ताच्या नावाने उपकारस्तुती करण्यास सांगितले आहे. प्रश्न रास्त आहे. तथापि जे कृत्य ख्रिस्ताच्या नावाने करता येत नाही, त्याचे आभार त्याच्या नावाने कसे मानता येतील? त्याच अध्यायात, नऊच वचने आधी, अंधाराच्या निष्फळ कर्मांत भागीदार होऊ नका, उलट ती उघडकीस आणा, अशी आज्ञा आहे. मारहाणीत देवाने आपल्याला टाकले नाही, याबद्दल आभार मानता येतात. मारहाणीबद्दल मानायचे नसतात. अशा घरातल्या स्त्रीला मंडळीने प्रार्थनेबरोबर १८१ हा महिला मदत क्रमांक द्यावा, तातडीच्या वेळी ११२ वर फोन करावा, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण मागता येते हेही सांगावे.

दुसऱ्याचे वाईट पाहून आभार मानणे

‘सरकारी दवाखान्यात जाऊन बघा, मग आपण किती सुखी ते कळेल’, हे वाक्य आपण मुलांनाही ऐकवतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशीही (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस) ‘देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार’ असेच म्हणतो आणि नीतिमान न ठरता घरी जातो. ज्याच्याकडे पाहून आपल्याला हायसे वाटले, त्याच्यासाठी आपण काही केले नाही, तर ते आभार तिथेच नासले असे समजावे.

देवाशी हिशेब ठेवणे

दानार्पणाचे पाकीट, हंगामाच्या सणाला आणलेली पहिली जुडी किंवा पेटी, फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत लावलेली मेणबत्ती, यांत वावगे काही नाही. कृतज्ञतेला हाताने काही करावेसे वाटते आणि ते स्वाभाविक आहे. बिघाड तेव्हा होतो, जेव्हा देण्यामागे भीती शिरते. मागच्या वर्षी उपकारस्तुतीचे दान राहिले म्हणून मुलगा आजारी पडला, असा धागा मनात जोडला जाऊ लागला, की आभार संपून हप्ता सुरू झाला असे ओळखावे. पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातले सर्व काही माझेच आहे. आणि त्यानंतर तो उपकारस्तुतीचे अर्पण मागतो. ज्याला गरजच नाही, त्याला लाच देता येत नाही. ही भीती जाणवत असेल, तर ते दान एखाद्या वेळी नाव न टाकता, कोणाला न सांगता आणि त्या दिवशी कोणतीही मागणी न करता द्यावे. मनात काय आहे ते आपले आपल्याला समजते.

रोज त्याच तीन ओळी म्हणणे

‘प्रभू, आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल, अन्नवस्त्राबद्दल तुझे आभार.’ घरभक्तीतली ही ओळ कित्येक घरांत वर्षानुवर्षे बदललेली नाही आणि ती म्हणताना डोळे मिटलेले असले तरी मन गॅसवरच्या दुधाकडे असते. एकशे छत्तिसावे स्तोत्र या बाबतीत उत्तम शिक्षक आहे. त्याच्या २६ वचनांत पालुपद तेच आहे, मात्र प्रत्येक वचनाचा पहिला भाग वेगळा आहे: सूर्य, चंद्र, मिसरातून सुटका, रान, सीहोन राजा, ओग राजा आणि शेवटाकडे सर्व प्राण्यांचे अन्न. आभार नावानिशी मानलेले आहेत. तसेच आपल्यालाही करता येते. गंगापूर धरण भरल्यामुळे आज नळाला पाणी आले. सीबीएस बसस्थानकावर दिंडोरीची शेवटची बस चुकता चुकता मिळाली. मुलीने गणितातली अडलेली रीत शेजारच्या ताईंकडून समजून घेतली. वही ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी, पण दिवसाला एकच ओळ लिहावी आणि ती काल लिहिलेली नसावी, एवढा नियम पुरे. सुखाच्या दिवसांत याची गरज अधिक असते. खाऊन तृप्त झाल्यावर आणि चांगली घरे बांधून राहिल्यावर देवाला विसरू नका, हा पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला (८:११-१४) इशारा रिकाम्या पोटाच्या माणसाला दिलेला नाही.

मन सुन्न असताना स्वतःला दोष देणे

काही काळ असा येतो की आभार मानण्यासारखे काय आहे हे ठाऊक असूनही आतून काहीच उमटत नाही. बाळंतपणानंतर, जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर, दीर्घ आजारपणात किंवा नैराश्यात असे होते. याला अविश्वास म्हणणे चूक आहे. रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने (१ राजे १९) स्तुती करायला सांगितले नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. पौलानेही ज्या अध्यायात उपकारस्तुती सांगितली, त्यातच चार वचने आधी खचलेल्यांना धीर देण्यास आणि अशक्तांना आधार देण्यास सांगितले आहे. म्हणजे ही आज्ञा एकट्याने पेलायची नसून मंडळीने मिळून पाळायची आहे. अशा वेळी स्वतःचे शब्द शोधत बसू नये. एखादे स्तोत्र दुसऱ्याने मोठ्याने वाचावे आणि आपण केवळ ‘आमेन’ म्हणावे. झोप, भूक आणि कामातले लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले राहिले, तर डॉक्टरांकडे जावे. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. औषध घेतल्याने प्रार्थनेचे मोल कमी होत नाही.

साक्षीच्या वेळी केवळ यशच सांगणे, आणि माणसांना विसरणे

उपकारस्तुतीच्या सभेत साक्षी होतात त्या नोकरी लागल्याच्या, व्हिसा मिळाल्याच्या, गाठ साधी निघाल्याच्या. ज्यांची गाठ साधी निघाली नाही, ते मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. पौलाने आपल्या ‘देहातला काटा’, म्हणजे सतत छळणारी पीडा, काढण्यासाठी देवाला तीनदा विनंती केली, तो निघाला नाही, आणि ती साक्ष त्याने करिंथकरांना लिहून कळवली (२ करिंथ १२). पाळकांनी सभेपूर्वी अशा एखाद्या कुटुंबाशी बोलावे, त्यांची तयारी असेल तरच त्यांना वेळ द्यावा, आणि त्यांनी ‘अजून उत्तर मिळालेले नाही’ एवढेच सांगितले, तर त्याला स्वतःचा आशावादी शेवट जोडू नये.

माणसांबद्दल थोडेच सांगायचे आहे. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत मिळाल्यावर पौलाने देवाचा गौरव केला आणि त्यांचेही नाव घेऊन, त्यांनी कधी काय दिले ते आठवून पोच दिली (फिलिप्पै ४:१४-१८). शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याबद्दल रविवारी उभे राहून साक्ष देणाऱ्याने रात्रपाळीच्या सिस्टरांना, रक्त द्यायला आलेल्या कॉलेजच्या मुलांना आणि तीन आठवडे घरून डबा पोहोचवणाऱ्या वहिनींना सोमवारी फोन करावा.